नाव उठवणारं यंत्र

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकाच्या गळ्यातला बिल्ला दोन इंच लांब आणि सव्वा इंचाहून थोडा कमी रुंद असे. दोन्ही टोकं गोलाकार, एका टोकाला साखळीसाठी भोक आणि दुसऱ्या टोकाच्या कडेवर एक छोटी खाच. या खाचेबद्दल एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. सैनिक पडला की सोबत्याने ही खाच त्याच्या पुढच्या दातांमध्ये अडकवायची आणि जबडा मिटवायचा, म्हणजे प्रेत कुठेही हललं तरी बिल्ला सुटत नाही. गोष्ट अंगावर येते, म्हणूनच ती टिकली. खरी मात्र ती नाही, आणि अमेरिकन लष्कराने ती वेळोवेळी नाकारली आहे.

खाच होती यंत्रासाठी. अ‍ॅड्रेसोग्राफ कंपनीचं ‘मॉडेल ७०’ नावाचं एक हातात धरायचं ठसायंत्र युद्धकाळी लष्कराच्या वैद्यकीय विभागाकडे होतं. जखमी सैनिक आला की त्याचा बिल्ला या यंत्रात सरकवायचा, दाबायचा, आणि त्याचं नाव, नंबर, रक्तगट थेट कागदावर उतरायचे. बिल्ला उलटा बसू नये, जागेवरून सरकू नये म्हणून ती खाच. एवढंच नाही, बिल्ल्यावरची अक्षरंही त्याच कामासाठी तशी घडवलेली होती. दर्शनी बाजूला ती खोलगट आणि सरळ, तर मागे उठून आलेली आणि उलटी, छापखान्यातल्या खिळ्यांसारखी. सैनिकाच्या छातीवर लटकणारी ती पट्टी म्हणजे छपाईचा एक साचाच होता.

तो साचा घडवणाऱ्या यंत्राचं नाव ग्राफोटाइप. पत्रांवर पत्ते छापण्याच्या धंद्यात जन्मलेलं हे यंत्र युद्धात गेलं, बँकेत गेलं, इस्पितळात गेलं आणि संगणक आल्यावर भंगारात गेलं. आज अमेरिकेत आणि युरोपात काही संग्राहक, महायुद्धाचे अभ्यासक आणि निवृत्त यंत्रकारागीर ती शोधून पुन्हा चालती करतात. हे काम मला फार मोलाचं वाटतं. का, ते कळण्यासाठी या यंत्राचं कुळ मागे जाऊन पाहायला हवं.

दोन कुळं

माणसाच्या अंगावर धातूची पट्टी आली ती दोन अगदी वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट मोजदादीची. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात १८०० ते १८६५ या काळात गुलामांसाठी तांब्याचे बिल्ले होते. मालकाने आपला गुलाम दुसऱ्याकडे मजुरीला धाडायचा असेल, तर शहराकडे पैसे भरून त्या वर्षाचा बिल्ला घ्यावा लागे. त्यावर शहराचं नाव, वर्ष, कामाचा प्रकार आणि एक नंबर ठोकलेला असे. नोकर, हमाल, कारागीर, कोळी असे ते प्रकार. माणसाचं नाव मात्र कुठेही नसे. संग्रहालयांत आज हे बिल्ले पाहायला मिळतात. नंबर स्पष्ट वाचता येतो, आणि तो कुणाच्या अंगावर होता हे जवळजवळ कधीच सांगता येत नाही.

दुसरी वाट नावाची, आणि ती सैनिकांनी स्वतः पाडली. अमेरिकन यादवी युद्धात, नोव्हेंबर १८६३ मध्ये, व्हर्जिनियातल्या माइन रन इथे हल्ल्याची वाट पाहणाऱ्या युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या, सैनिकांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर आपलं नाव आणि पलटण लिहून त्या कपड्यांना टाचून घेतल्या. मरण येणार हे त्यांना दिसत होतं. बेवारस पुरलं जाऊ नये एवढीच धडपड होती. त्याआधी १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन केनेडी यांनी प्रत्येक सैनिकासाठी ओळखीची चकती बनवून देण्याचा प्रस्ताव युद्ध खात्याकडे पाठवला होता. तो नाकारला गेला. मग छावण्यांभोवतीच्या व्यापाऱ्यांकडून सैनिक स्वखर्चाने नाव ठोकलेल्या चकत्या घेऊ लागले. ज्यांना ते जमलं नाही, त्यांचं काय झालं ते व्हिक्सबर्गच्या राष्ट्रीय दफनभूमीत दिसतं. तिथे सुमारे १७ हजार युनियन सैनिक विसावले आहेत, आणि त्यांतल्या सुमारे १३ हजारांची नावं कुणालाही माहीत नाहीत.

सरकारी पातळीवर ही गोष्ट आधी प्रशियाने उचलली. १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियाच्या सैनिकांकडे ओळखचकत्या होत्या. अमेरिकेत ती चळवळ चालवली ती एका धर्मगुरूने. चार्ल्स पिअर्स हे लष्करातले पाद्री १८९९ पासून मनिलामध्ये मृत सैनिकांची ओळख पटवण्याचं काम सांभाळत होते. फिलिपिन्सच्या उष्ण हवेत प्रेतं फार काळ ओळखण्याजोगी राहत नसत. प्रत्येक सैनिकाच्या सामानात ओळखचकती हवीच, अशी शिफारस त्यांनी केली. २० डिसेंबर १९०६ च्या आदेशाने ती अमलात आली. चकती अ‍ॅल्युमिनियमची, अर्ध्या डॉलरच्या नाण्याएवढी. तिच्यावर नाव, हुद्दा, कंपनी आणि रेजिमेंट. जुलै १९१६ मध्ये दुसरी चकतीही आली, म्हणजे एक प्रेतासोबत राहील आणि दुसरी नोंदीसाठी काढून घेता येईल. पुढे १९२९ च्या जिनिव्हा कराराने हेच तत्त्व सगळ्या देशांसाठी लिहून ठेवलं: ओळखचकतीचा अर्धा भाग शत्रूनेसुद्धा परत पाठवायचा, अर्धा प्रेतापाशी ठेवायचा.

पहिल्या महायुद्धातल्या या चकत्या हातानेच ठोकल्या जात. लेटर पंचचा संच, हातोडी आणि खाली लोखंडी ऐरण. एकेक अक्षर जागेवर धरायचं आणि घाव घालायचा. म्हणून त्या काळच्या चकत्यांवर ओळी वाकड्या दिसतात, एखादं अक्षर उथळ तर शेजारचं खोल जातं. अमेरिकन नौदलाने त्याच सुमारास वेगळा मार्ग धरला. १९१७ पासून त्यांच्या मोनेलच्या, म्हणजे निकेल आणि तांब्याच्या न गंजणाऱ्या मिश्रधातूच्या, लंबगोल पट्टीच्या एका बाजूला खलाशाच्या उजव्या तर्जनीचा ठसा असे. बोट शाईने माखून धातूवर टेकवायचं, ओल्या शाईवर डांबराची पूड भुरभुरवायची, तापवून ती घट्ट करायची आणि पट्टी नायट्रिक आम्लात सोडायची. उघडी राहिलेली जागा आम्ल खाई आणि बोटाच्या रेषा उरत. पद्धत देखणी होती, पण लाखो माणसांसाठी ती परवडणारी नव्हती. त्या लाखांसाठी लागणारं यंत्र तेव्हा अमेरिकेतल्या कचेऱ्यांत पत्ते घडवत होतं.

पत्त्यांचा धंदा

आयोवा राज्यातल्या सू सिटी गावच्या जोसेफ स्मिथ डंकन यांनी १८९२ मध्ये पत्ते छापण्याचं एक साधन बनवलं. षटकोनी लाकडी ठोकळा घेतला, रबरी शिक्क्यांवरची अक्षरं सोलून त्यावर चिकटवली. ठोकळा फिरवला की एक पत्ता छापला जाई आणि त्याच वेळी पुढच्या पत्त्याला शाई लागे. पुढच्याच वर्षी, जुलै १८९३ मध्ये, शिकागोच्या कॅक्स्टन इमारतीतल्या मागच्या एका छोट्या खोलीत ‘बेबी ओ’ या यंत्राचं उत्पादन सुरू झालं. १८९६ मध्ये पेटंट मिळालं आणि अ‍ॅड्रेसोग्राफ हे नाव रुजलं.

रबर झिजतं, सुकतं, फाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पत्ता रबरावरून धातूच्या पातळ पत्र्यावर आला, आणि पत्र्यावर अक्षरं उठवायला ग्राफोटाइप आलं. आता एक जोडी तयार झाली. ग्राफोटाइपने एकदा पत्रा घडवायचा. अ‍ॅड्रेसोग्राफने तो हजारदा छापायचा. मासिकाचे वर्गणीदार, वीजकंपनीचे ग्राहक, कारखान्यातले कामगार, मंडळांचे सभासद, सगळ्यांचे पत्रे खणाखणांतून रचून ठेवलेले असत. पत्र्याच्या चौकटीवर छोटे टॅब लावता येत. वर्गणी संपलेले वगळा, अमुक गावचे तेवढे छापा, अशा सूचना यंत्र त्या टॅबवरून पाळत असे. आज ज्याला डेटाबेस म्हणतात, त्याचं काम तेव्हा जस्ताचे आणि पोलादाचे पत्रे करत होते.

१९३० च्या दशकाच्या आरंभी ही कंपनी क्लीव्हलंडच्या मल्टिग्राफ कंपनीशी एक झाली आणि अ‍ॅड्रेसोग्राफ-मल्टिग्राफ या नावाने कचेरीयंत्रांची जगातली एक बडी उत्पादक बनली. युरोपात बर्लिनच्या आड्रेमा कंपनीने याच तत्त्वावरची यंत्रं काढली. आपल्याकडच्या विमा आणि बँक कचेऱ्यांत आड्रेमा हे नाव जुन्या कर्मचाऱ्यांच्या ओळखीचं आहे. ग्राहकांना जाणाऱ्या सूचनांवरची नावं तिथे अशाच पत्र्यांवरून उमटत.

आत काय घडतं

ग्राफोटाइपचं मर्म जोडीत आहे. प्रत्येक अक्षरासाठी एक पंच आणि त्याच्या समोर त्याच्या मापाची डाय. पंच म्हणजे उंच अक्षर, डाय म्हणजे त्याच अक्षराची खोबण. पत्रा या दोघांच्या मध्ये. पंच पत्रा ढकलतो, डाय त्याला आकार देते, आणि धातू न फाटता एका बाजूला खोल जातो, दुसऱ्या बाजूला उठून येतो. दोघांमधलं अंतर पत्र्याच्या जाडीशी जुळलेलं हवं. ते कमी झालं तर पत्रा कापला जातो, जास्त झालं तर अक्षर पुसट उमटतं. आपल्याकडे आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा अभ्यासक्रम केलेल्या कुणालाही ‘क्लिअरन्स’ हा शब्द हाताच्या सवयीने माहीत असतो. या यंत्राचं सगळं आयुष्य त्या क्लिअरन्सवर उभं आहे.

पंच-डायच्या या जोड्या एका फिरत्या चाकावर बसवलेल्या असतात. साध्या यंत्रात चाक डायलने फिरवून हवं ते अक्षर समोर आणायचं आणि ठोका द्यायचा. मोठ्या विजेच्या यंत्रात टंकयंत्रासारखा कळफलक असतो. कळ दाबली की चाक फिरून त्या अक्षरापाशी थांबतं, क्लच एका फेरीपुरता जोडला जातो, जोडी मिटते, अक्षर उठतं आणि पत्रा धरणारी कॅरेज एक घर पुढे सरकते. हे सगळं एका ठोक्यात होतं. ऐरणीवरच्या कारागिराला एका चकतीसाठी लागणाऱ्या वेळात यंत्रावर बसलेली व्यक्ती अनेक पत्रे घडवते, आणि प्रत्येक ओळ सरळ, प्रत्येक अक्षर सारख्याच खोलीचं येतं.

पत्ता गळ्यात आला

१९४० मध्ये अमेरिकन लष्कराने गोल चकती सोडून नवा नमुना घेतला तेव्हा त्याने या यंत्राचंच माप पत्करलं. पाच ओळी, ओळीत अठरा अक्षरांची जागा. पहिल्या ओळीत नाव. दुसऱ्या ओळीत लष्करी नंबर, धनुर्वाताची लस कोणत्या वर्षी दिली ते, आणि रक्तगट. खालच्या तीन ओळींत जवळच्या नातलगाचं नाव, रस्ता, गाव आणि राज्य. शेवटी धर्माचं एक अक्षर: प्रोटेस्टंटला पी, कॅथलिकला सी, ज्यूला एच, म्हणजे हिब्रू.

या मांडणीकडे नीट पाहिलं तर ती पाकिटावरच्या पत्त्याची मांडणी आहे. आधी नाव, मग रस्ता, मग गाव. पत्ते छापण्यासाठी घडवलेल्या यंत्राने माणसालाही पत्त्यासारखंच लिहिलं, आणि मरण पावल्यावर तो कुठे पोचवायचा हेसुद्धा त्यातच आलं. जुलै १९४३ मध्ये नातलगाचा पत्ता काढून टाकण्यात आला. नंबर मात्र बोलका राहिला: स्वतःहून भरती झालेल्याचा नंबर १ ने सुरू होई, सक्तीने बोलावलेल्याचा ३ ने. आणि ते एच अक्षर नाझी जर्मनीशी लढायला निघालेल्या ज्यू सैनिकासाठी जीवघेणं ठरू शकत होतं. शत्रूच्या हाती सापडलो तर काय, या भीतीने काहींनी आपले बिल्ले फेकून दिले.

या युद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकनांनी गणवेश चढवला. माणशी दोन बिल्ले धरले तरी तीन कोटींहून जास्त पट्ट्या होतात. आधी मोनेलच्या आणि पुढे स्टेनलेस स्टीलच्या. हातोडीने हे काम होणं शक्यच नव्हतं. भरतीकेंद्रांवर ग्राफोटाइप खडखडत राहिली म्हणून ते झालं. दुसऱ्या महायुद्धातले सुमारे ७२ हजार अमेरिकन आजही बेपत्ता म्हणून नोंदलेले आहेत. पॅसिफिकमधल्या बेटांवर किंवा युरोपातल्या जंगलात अवशेष सापडतात तेव्हा डीएनए तपासणीच्या बरोबरीने अजूनही त्या खोलगट अक्षरांचा आधार घेतला जातो.

पुणे डिव्हिजन आणि बसऱ्याची भिंत

ब्रिटिश साम्राज्याने दुसरा रस्ता घेतला होता. सप्टेंबर १९१६ पासून ब्रिटिश सैनिकाला दाबलेल्या तंतूंच्या दोन चकत्या मिळत. हिरवी अष्टकोनी प्रेतासोबत राहायची, लाल गोल काढून घ्यायची. दोन रंगांची कल्पना चांगली होती, पण पदार्थ मातीत कुजणारा होता. मोनेलवरची अक्षरं दशकांनंतरही वाचता येतात. या तंतूंच्या चकत्या मात्र पुष्कळदा काहीच सांगत नाहीत.

या इतिहासात महाराष्ट्राचं दुःख थेट गुंतलेलं आहे. मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. टेसिफॉनच्या लढाईनंतर हे सैन्य कूत इथे वेढलं गेलं आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेलं. त्या मोहिमेत मेलेल्या आणि थडगं न सापडलेल्या ४० हजारांहून जास्त सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं गेलं. तिथल्या भिंतीवर ब्रिटिशांची नावं कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीखाली एक आकडा आला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला.

यात धातूचा दोष नव्हता. शिपायांची नावं नोंदवह्यांत होती. ती भिंतीवर आणण्याची इच्छा नव्हती. गळ्यात ओळख घालून माणूस पाठवायचा आणि परत येताना त्याचा आकडा करायचा, हा चार्ल्सटनच्या तांब्याच्या बिल्ल्याचाच वारसा आहे. नावाचं कुळ आणि नंबरचं कुळ एकाच पट्टीवर शेजारी राहतात. कोणतं पुढे न्यायचं, ते यंत्र ठरवत नाही, माणसं ठरवतात.

कार्ड, संगणक आणि भंगार

युद्धानंतर हेच तंत्र बाजारात पसरलं. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी १९३० च्या दशकापासूनच ‘चार्गा-प्लेट’ नावाची बिल्ल्याएवढी धातूची पट्टी ग्राहकांना द्यायला सुरुवात केली होती. तिच्यावरचं उठाव नाव पावतीवर छापलं की उधारीची नोंद झाली. पट्टी पुढे प्लास्टिकची झाली, तिला क्रेडिट कार्ड म्हणू लागले, पण अक्षरं उठावच राहिली. आपल्याकडेही १९९० च्या दशकात दुकानदार कार्ड एका सपाट यंत्रात ठेवून वरून दांडा सरकवायचा आणि कार्बनच्या पावतीवर नाव उमटायचं. हाताने सरकवायचं ते यंत्र आणि युद्धातलं मॉडेल ७० ही एकाच घराण्यातली. चिप आल्यावर उठाव अक्षरांची गरज संपली आणि आता बहुतेक कार्डं सपाट छापलेली असतात.

सैन्यातही बदल झाले. १ जुलै १९६९ पासून अमेरिकन लष्कराने बिल्ल्यावर लष्करी नंबरऐवजी सोशल सिक्युरिटी नंबर घातला. हातातली ठसायंत्रं गेल्यावर खाच गेली, खोलगट अक्षरांच्या जागी उठाव अक्षरं आली. २०१५ मध्ये, ओळखचोरीच्या धोक्यामुळे, सोशल सिक्युरिटी नंबरही काढण्यात आला. बिल्ले आता संगणकाला जोडलेली यंत्रं घडवतात. पत्त्यांचे पत्रे तर त्याआधीच संगणकाने निकामी केले होते. अ‍ॅड्रेसोग्राफ-मल्टिग्राफची वारस कंपनी एएम इंटरनॅशनल १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली. ग्राफोटाइप लष्करी लिलावांत, गोदामांत आणि भंगारवाल्यांकडे पोचली. एकट्याला न उचलवणारं, बीड आणि पोलादाचं यंत्र वजनावर विकलं जाणं ओघानेच आलं.

पुन्हा चालतं करणं

अशा वेळी जे लोक ही यंत्रं गाडीत घालून घरी नेतात, त्यांच्या कामाची शिस्त समजून घेण्याजोगी आहे.

पहिला नियम: आणल्या आणल्या वीज जोडायची नाही. जुन्या वायरींवरचं रबर आणि कापड ठिसूळ झालेलं असतं, मोटरमध्ये ओल मुरलेली असते. शिवाय आत जे ग्रीस एके काळी वंगण होतं, ते आता वार्निशासारखं घट्ट झालेलं असतं. मोटर जोर लावते, चाक अडतं आणि एखादा दात तुटतो. म्हणून आधी सगळं हाताने फिरवून पाहायचं. कुठे अडकतं, कुठे घासतं, कुठला स्प्रिंग परत येत नाही, ते लिहून ठेवायचं. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा, कारण ज्या क्रमाने सुटं केलं त्याच्या उलट क्रमानेच ते जोडलं जातं.

मग सफाई. घट्ट ग्रीस द्रावकात भिजवून, ब्रशने, चिकाटीने काढायचं. सँडपेपर चालत नाही, कारण जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात तिथे एक केसभर धातू कमी झाला तरी कॅरेजची घरं चुकतात आणि अक्षरं एकमेकांवर चढतात. पंच आणि डाय काढल्या तर त्यांच्या जोड्या कधीही मिसळायच्या नाहीत. वर्षानुवर्षं एकत्र काम करून त्या एकमेकांशी जुळलेल्या असतात. एका अक्षराचा पंच तशाच दुसऱ्या यंत्राच्या डायसमोर बसवला तर कागदोपत्री माप बरोबर असूनही ठसा बिघडतो. ई, ए, एन, एस अशी इंग्रजीत सतत लागणारी अक्षरं जास्त झिजलेली असतात, क्यू आणि झेड जवळजवळ नवी. एखादी जोडी हरवली असेल तर टूलरूममध्ये ईडीएमवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या यंत्रावर, नवी काढता येते, पण तिचा आकार त्या काळच्या वळणाशी जुळायला हवा.

सगळ्यात दुर्मिळ असतो तो बिल्ला धरणारा चिमटा. पुष्कळ यंत्रं कचेऱ्यांतली असतात आणि त्यांचे चिमटे पत्त्याच्या पत्र्याच्या मापाचे. गोल टोकाची लष्करी पट्टी त्यांत बसत नाही. मग जुन्या बिल्ल्यावरून मापं घेऊन चिमटा घडवावा लागतो. शेवटी चाचणी. आधी मऊ अ‍ॅल्युमिनियमवर, मग पोलादावर. ठशाची खोली थोडी थोडी वाढवत न्यायची. पहिल्याच दिवशी कठीण पत्र्यावर पूर्ण दाब दिला तर शंभर वर्षांच्या जवळ आलेला पंच तडकतो.

इथून पुढचा प्रश्न कारागिरीचा नाही, विवेकाचा आहे. चालतं झालेलं यंत्र आज दुसऱ्या महायुद्धातला हुबेहूब बिल्ला घडवू शकतं. तीच अक्षरं, तेच अंतर, तोच खोलगट ठसा. मेलेल्या सैनिकाच्या नावाचा बिल्ला बनवून, थोडा जुना करून विकणं अवघड नाही, आणि अशा खोट्या बिल्ल्यांनी बाजार गढूळ होतो. असा बिल्ला एखाद्या कुटुंबाच्या हाती पडला तर ते आपल्या माणसाची आठवण म्हणून त्याला जपतील. म्हणून नव्याने घडवलेल्या प्रत्येक बिल्ल्यावर तो नवा असल्याची न पुसली जाणारी खूण असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

खोटं ओळखण्याचं साधनही मात्र हेच यंत्र आहे. त्याच्या प्रत्येक अक्षराचा ठसा, त्याची झीज, ओळींमधलं अंतर यांची नीट नोंद केली तर ती पुरावा ठरते. एखाद्या वळणाची अक्षरं त्या काळच्या यंत्रांवर नव्हतीच, हे सांगणारा माणूस चालत्या यंत्रासमोर बसलेला असतो. म्हणून मला चकाचक रंगवलेलं, नव्या पंचांनी भरलेलं यंत्र फारसं पटत नाही. झिजलेली जोडी बदलली तर जुनी फेकू नये. तिचा ठसा घेऊन, नंबर घालून ती यंत्रासोबतच ठेवावी. ते यंत्र कुठल्या कचेरीतलं, कुठल्या छावणीतलं, त्यावर कोणत्या प्रकारचे पत्रे निघत, हे ज्याच्याकडून घेतलं त्याला विचारून तेव्हाच लिहून घ्यावं. एका पिढीनंतर विचारायला कुणी उरत नाही.

हे काम दूर अमेरिकेतल्या छंदिष्टांचं, असं समजण्याचं कारण नाही. आपल्याकडच्या जुन्या विमा कचेऱ्या, बँका आणि कारखाने यांच्या माळ्यांवर आणि गोदामांत पत्ते घडवणारी, छापणारी यंत्रं पडून असण्याची शक्यता आहे. त्यांच्यासोबत पत्र्यांचे खणही असतील, आणि भंगारवाला त्यांचा भाव धातूच्या किलोवर करील. असा खण हाती आला तर तो यंत्रापासून वेगळा करू नका. त्या पत्र्यांवर कामगारांची, विमेदारांची, सभासदांची नावं आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांची दुसरी कुठलीही लेखी खूण उरलेली नसेल. यंत्र दुरुस्त करता येईल की नाही हे नंतर ठरवता येतं. खण विकला गेला तर ती नावं पुन्हा मिळत नाहीत. म्हणून आधी पत्रे क्रमाने ठेवा, त्यांचे फोटो घ्या, एखाद्या विद्यापीठाला, संग्रहालयाला किंवा गावच्या ग्रंथालयाला कळवा, आणि मगच पान्याला हात घाला. बसऱ्याच्या भिंतीवर जे झालं, ते आपल्या माळ्यांवर आपल्या हातून होऊ द्यायचं नसेल, तर एवढं आपल्यालाच करावं लागेल.